हॉटव्हील्स सोलायची की तामिया जोडायची?

भाचा ऐरोलीत राहतो, दिवसभर लॅपटॉपसमोर असतो. जूनमध्ये ठाण्याला घरी आला तेव्हा माझ्या छोट्या मॉडेल गाड्यांच्या काचेच्या कपाटापुढे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मामा, मलाही सुरू करायचंय. तामियाचा किट घेऊ, की आधी हॉटव्हील्सच उघडून रंगवून बघू?" (तामिया ही जपानी कंपनी, तिचा किट म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रंगवायची गाडी. हॉटव्हील्स म्हणजे खेळण्यातली तयार छोटी गाडी.)

मी विचारलं, "रंग कुठे मारणार?"

त्याला वाटलं मी टाळतोय. पण ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा छंद करणाऱ्याला आधी हेच ठरवावं लागतं. स्प्रेला मोकळी हवा लागते. बाकी सगळं शिकता येतं, गॅलरी वाढवता येत नाही.

आधी आकाराचं बघू. सव्वाचार मीटरची खरी गाडी १/२४ मध्ये, म्हणजे चोवीसपट लहान केली की, साधारण साडेसतरा सेंटिमीटरची होते, १/६४ मध्ये साडेसहाची. हॉटव्हील्स म्हणजे १/६४ असं आपण म्हणतो, पण तो ढोबळ हिशेब. लहान गाडी आणि मोठा ट्रक एकाच पाकिटात आणि एकाच ट्रॅकवर बसवायचे असल्यामुळे प्रमाण मागेपुढे होतं. तामियाच्या १/२४ च्या गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणती खरोखर मोठी आणि कोणती बुटकी ते दिसतं. मला ते महत्त्वाचं वाटतं, अनेकांना अजिबात वाटत नाही.

पैशांत तर तुलनाच नाही. हॉटव्हीलची साधी गाडी दोनशेच्या आसपास मिळते, बिघडली तर दुसरी. जपानी किट हजारांत जातो, वर रंग, प्रायमर (अस्तर), गोंद, निपर (भाग कापायची छोटी पक्कड). ही महागाई निव्वळ दुकानदाराच्या नफ्याची नाही. कस्टम्सच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच खात्यात येतात, आणि खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. परदेशातून येणारा कोणी ओळखीचा असेल तर किट त्याच्याकडून मागवता येतो, स्प्रेचा कॅन मात्र विमानात चालत नाही. म्हणून आधी रंग इथे कुठला मिळतोय ते बघायचं, मग गाडी ठरवायची. मी उलटं केलं होतं आणि गाडी दीड वर्ष बॉक्समध्ये राहिली.

हॉटव्हील्सचं काम असं. गाडी उलटी केली की तळाला दोन रिव्हेट दिसतात. साडेतीन-चार मिलिमीटरच्या ड्रिल बिटने त्यांची डोकी उडवायची, की बॉडी, तळ, काच, सीट सगळं सुटं होतं. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर लावलं की कंपनीचा रंग सुरकुतून साय निघावी तसा निघतो. हातमोजे हवेतच, आणि काच आधी बाजूला काढलेली हवी, नाहीतर तीही जाते. मग प्रायमर, रंग, रबरी टायरची चाकं. एका शनिवार-रविवारात गाडी होते.

एवढंही नको असेल तर रिव्हेटला हातच लावू नका. बारीक ब्रशने हेडलाइटला चंदेरी, टेललाइटला पारदर्शक लाल, ग्रिलमध्ये पातळ काळा. अर्ध्या तासात दोनशेची गाडी पाचशेची वाटते. याला वासही नाही आणि पसाराही नाही.

या आकाराची एक अडचण मात्र कोणी आधी सांगत नाही. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, तर १/६४ च्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवर जवळजवळ साडेसहा मिलिमीटर जाड होतो. रंगाचे दोन हात जास्त झाले की दरवाजाची रेघ बुजते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. तोच थर १/२४ वर अडीच मिलिमीटरच्या आत राहतो. म्हणजे लहान गाडी सोपी, पण चूक माफ करत नाही.

किटमध्ये सुटे भाग फ्रेमला लागून येतात. ते पिळून तोडायचे नाहीत, निपरने थोडं लांबून कापायचे आणि उरलेला ठोंब कानशीने घासायचा. गोंद इथे चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. तामियाचा हिरव्या झाकणाचा पातळ सिमेंट सांध्याला ब्रशने टेकवला की तो स्वतःच फटीत पळतो. सुपर ग्लू काचेजवळ वापरू नका, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. हे सगळं एका आठवड्यात हातात बसतं.

खरा वेळ आणि खरी गंमत बॉडीच्या रंगात आहे. खऱ्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याचीच ही भाषा: लांबी (पुटी) भरायची, वॉटर पेपर मारायचा, अस्तराचा हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक हात. तामियाचा टीएस स्प्रे, म्हणजे लॅकर (भराभर उडणाऱ्या द्रावणातला रंग) भरलेला कॅन, १०० मिलिलीटरचा असतो, पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून हात चालता ठेवून मारायचा. तो नखाला पूर्ण कडक लागेपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, शिवायचं नाही. मग संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर दोन हजार, तीन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. कडांवर जोर दिला की खालचं अस्तर वर येतं. माझं आलंय, दोनदा. आणखी एक: लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा लॅकर मारू नका. खालचा लाल वर झिरपतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. पहिली गाडी पांढऱ्या प्लॅस्टिकची घ्या.

आता आपला पाऊस. मी एकदा जुलैत, सकाळी जरा उघडीप दिसली म्हणून काळ्या बॉडीवर लॅकर मारला. दहा मिनिटांत छतावर राखेसारखी पांढरट छटा आली. लॅकरमधलं द्रावण भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. ऑक्टोबरमध्ये कोरड्या हवेत वरून पुन्हा पातळ हात दिला तेव्हा ती काळी झाली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर स्प्रे बंद. उरलेल्या आठ महिन्यांत गॅलरीत कबुतरं. जाळी लावलेली आहे, पण शेजारच्यांच्या एसीवर त्यांचा संसार आहे. क्लिअर मारून मी आत वळलो, परत येतो तर बॉनेटच्या मधोमध अर्ध्या इंचाचं पांढरं पीस, तंतू न् तंतू पसरून चिकटलेलं. ओल्यावर चिमटा घातला हे चुकलं. वाळू दिलं असतं तर घासून गेलं असतं. आता पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याच्या आत फवारतो आणि लगेच वर डब्याचं झाकण ठेवतो.

एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन, घेतला तर गॅलरी लागत नाही असं दुकानवाले सांगतात. अर्धं खरं आहे. पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक रंग घरात मारता येतात, थर पातळ येतो, वास नगण्य. पण कॉम्प्रेसरची घरघर आहे, आणि दर रंगानंतर पुसून धुऊन सुई स्वच्छ करायची आहे. आमच्याकडे दुपारी दोन ते चार तो लावायची सोय नाही, आईची झोप. लॅकर त्यातून मारणार असाल तर खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क हवाच. करोनातला एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. पहिल्या तीन गाड्या होईपर्यंत हा खर्च करू नये असं माझं मत आहे. चौथीला स्वतःलाच कळतं हवा की नको.

इंजिनवाला किट घ्यावा का? पहिला नको. पुष्कळ १/२४ किटांत बॉनेट उघडत नाही, खालून इंजिनाचा तळ तेवढा दिसतो, आणि ते उत्तम आहे. फुजिमी या जपानी कंपनीच्या एन्थुझियास्ट मालिकेतली पोर्शे ९११ डोळ्यांना भुरळ घालते, पण भागांची संख्या नवख्याला घाम फोडते. पुढे मात्र इंजिनासारखं सुख नाही. खऱ्या गाडीची स्पार्क प्लगची वायर साधारण सात मिलिमीटर जाड, २४ ने भागलं की ०.३ च्या जवळ. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तीस नंबरची तांब्याची तार मागा, ती ०.३१५ ची असते. हातभर तारेत पाच-सहा इंजिनं होतात. तो "कशाला?" विचारतो, सांगितलं की हसतो.

दोन्हींच्या मध्ये तिसरी वाट आहे, आओशिमा या जपानी कंपनीचे १/३२ चे स्नॅप किट, म्हणजे भाग दाबून बसवायचे. रंग प्लॅस्टिकमध्येच, गोंद नाही, जिमनी साडेदहा सेंटिमीटरची. संध्याकाळी बसलात तर जेवायच्या आधी तयार. मुलांबरोबर करायला छान, पण ज्याला रंगाचीच ओढ आहे त्याची भूक भागत नाही.

तेव्हा भाड्याचा वन बीएचके, गॅलरी नाही आणि रूममेटला वास चालत नाही, असं असेल तर हॉटव्हील्स घ्या आणि ब्रशने रंगवा. मोकळी गॅलरी आणि महिनाभर एकच गाडी पुरवून खायचा स्वभाव असेल तर सरळ १/२४. घाई असलेल्याने किट घेऊ नये, तो अर्धवटच राहतो.

भाच्याने माझं ऐकून दोन्ही घेतलं, जे मी सांगितलंच नव्हतं. पावसाळ्यात चार हॉटव्हील्सचे दिवे रंगवून झाले. किटची सीट, डॅशबोर्ड, चाकंही त्याने व्हॅलेजोच्या पाण्यावर चालणाऱ्या रंगांनी ब्रशनेच केली, बरी झालीत. पांढरी बॉडी अजून पिशवीत बंद आहे. कोजागिरीनंतरच्या रविवारी ती घेऊन तो माझ्याकडे येणार आहे. खोकं तयार ठेवलंय, कबुतरांचं बघावं लागेल.