बारीक देवनागरी नाव: पॉपलीन, मॅटी, टॉवेल की सॅटिन?

खिशावर मशीन एम्ब्रॉयडरीने भरायच्या नावाची उंची ८ मिमी ठरली, तरी वरची मात्रा आणि खालचा उकार वजा करता अक्षराच्या अंगाला जेमतेम ४-५ मिमी उरतात. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा १ मिमीच्या खाली गेली की दोरा ती बुजवतो. मग 'ब' आणि 'व' सारखेच दिसतात. म्हणून मशीनवर घेण्याआधी मात्रांसकट उंची बघू नका, अक्षराचं अंग मोजा.

निवड तुमच्या हातात असेल तर पॉपलीन किंवा टेरिकॉटच घ्या. वीण घट्ट, ताण नाही. ४० नंबरचा दोरा आणि ७५/११ सुई लावून ५ मिमी अंग स्वच्छ येतं. ६० नंबरचा, म्हणजे त्याहून बारीक दोरा आणि ६५/९ सुई असेल तर ४ मिमीही. आधाराला मागे फाडायचा पेपर (भरून झाल्यावर फाडून काढतात तो) पुरतो.

कॉलरवाल्या टी-शर्टाची मॅटी जाळीदार आणि ताणणारी. टाके खड्ड्यांत बुडतात, अक्षराच्या कडा करवतीसारख्या होतात. इथे ६ मिमी अंग धरा. खाली कापायचा पेपर (नावाभोवती कापून बाकीचा मागे तसाच ठेवतात तो), वर पाण्यात विरघळणारी फिल्म, बोथट टोकाची सुई. फ्रेममध्ये कापड ताणून बसवलं, तर काढल्यावर नावाभोवती चुण्या पडणारच.

टॉवेलवर १० मिमीच्या खाली जाऊ नका. फिल्म लावली तरी धुतल्यावर ती विरघळते आणि टॉवेलच्या दोऱ्याचे फासे अक्षरातून डोकं काढतात. त्यासाठी अक्षराखाली आधी जाळीदार टाका घालून ते दाबून टाकावे लागतात. त्यापेक्षा टॉवेलच्या टोकाची सपाट विणीची पट्टी बघा, तिथे ७ मिमीही चालतं.

सॅटिनवर चूक उसवता येत नाही, सुईची भोकं तशीच राहतात. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुना काढा.

कापड कुठलंही असो, शिरोरेखा शेवटी, अख्ख्या शब्दाची एकसलग भरा. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाणारा दोरा तिच्याखाली झाकला जातो, मध्ये कापावा लागत नाही, गाठी कमी होतात. रोमन अक्षरांना ही सोय नाही. उभ्या दांड्या मात्र शिरोरेखेच्या जाडीच्या आतच थांबवा, नाहीतर टाक्यांच्या रेट्याने त्यांची टोकं वर डोकावतात. अनुस्वाराला सॅटिन टाका (कापड नव्हे, शेजारी-शेजारी दाट भरायचा टाका) नको: १ मिमीच्या ठिपक्यात तो गाठ होऊन बसतो. चार-पाच साधे टाके एकमेकांवरून तिरके घाला आणि मशीन मिनिटाला ६०० टाक्यांवर ठेवा.