मिठावरचा स्विमिंग पूल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

कर्जतजवळच्या आमच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलला मिठाचा क्लोरिनेटर, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन, बसवला, त्याला आता एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा झाला. आठ मीटर बाय चार मीटरचा पूल, साधारण 40,000 लिटर पाणी, तेही बोअरचं, आणि वर सावली अजिबात नाही. माझं मत पक्कं झालंय: मशीन घ्यावं, पण ते नेमकं कशासाठी घेतोय हे आधी समजून घ्यावं.

मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल नव्हे. मशीनच्या सेलमध्ये, म्हणजे पाणी ज्यातून वाहतं त्या नळकांड्यात, टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज गेली की पाण्यातल्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतं आणि काम झालं की त्याचं परत मीठ होतं. हजार लिटरला साधारण 3.2 किलो मीठ लागतं, म्हणजे आमच्या पूलला सुरुवातीला 130 किलोच्या आसपास. समुद्राचं पाणी याच्या दहापट खारट असतं, त्यामुळे तोंडात पाणी गेलं तरी चव जेमतेम लागते. आगरातलं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्यातून माती, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच आत येतं. शुद्ध मीठच घ्या.

मला यातला खरा फायदा वेगळाच वाटतो. आधी आमच्याकडे येणारा पूलवाला, बहुतेक ठिकाणी चालतं तशी, टीसीसीए 90 ही क्लोरीनची पावडर टाकायचा. त्या पावडरीत क्लोरीनसोबत सायन्युरिक आम्ल असतं, ज्याला सगळे स्टॅबिलायझर म्हणतात. ते लागतंच, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत पाण्यातलं बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण ते स्वतः उडतही नाही आणि संपतही नाही. रोज 2 पीपीएम (म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम) क्लोरीन या पावडरीतून दिलं, तर महिन्याला सुमारे 36 पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात साठत जातो. तो 100 च्या वर गेला की नेहमीचं क्लोरीन पुरं पडत नाही. क्लोरीन मोजायच्या किटमध्ये आकडा चांगला दिसतो, तरी भिंतींना शेवाळ धरतंच. मग कोणी मोरचूद टाकतं, कोणी तुरटी. मूळ कारण तसंच राहतं.

स्टॅबिलायझरची चाचणी सोपी आहे आणि प्रत्येक पूलमालकाने एकदा तरी स्वतः करावी. पूलचं पाणी आणि चाचणीचं औषध सारखं मिसळलं की ते दुधाळ होतं. ते एका उभ्या नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून तळाचा काळा टिपका पाहत राहायचं. टिपका दिसेनासा झाला की तिथली खूण वाचायची. नळीवर मोठे आकडे तळाकडे असतात, आणि आमच्या पाण्यात 100 ची खूण येण्याआधीच टिपका गेला होता, म्हणजे स्टॅबिलायझर 100 च्याही वर. त्यावर औषध नाही. अर्धं पाणी काढून नवं भरलं, मगच मशीन सुरू केलं. आता स्टॅबिलायझर 70 च्या आसपास आहे आणि वाढत नाही, कारण मशीन फक्त क्लोरीन देतं. आमचं मशीन तासाला 15 ग्रॅमचं आहे. पाच-साडेपाच तास चाललं की 40,000 लिटरला 2 पीपीएम मिळतं. उन्हाळ्यात तास वाढवतो. पाणी स्वच्छ राहिलं, पोरं तासन्‌तास डुंबली तरी डोळे लाल होत नाहीत.

आता त्रासाची बाजू. पीएच सतत वर चढतो. सेलमधल्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हे त्याचं कारण. दर आठवड्याला पीएच मोजून 7.8 च्या वर गेला की थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड द्यावंच लागतं. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची अ‍ॅसिड पचवण्याची ताकद, 70 पीपीएमच्या आसपास ठेवल्यापासून अ‍ॅसिड कमी लागतं. बोअरच्या कठीण पाण्यात हे टाळलं तर सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. हा थर सुटावा म्हणून पट्ट्यांचे ध्रुव आपोआप उलटतात, तरी एप्रिलमध्ये सेल उघडला तेव्हा कडांना चुन्याचे पापुद्रे होते. पाण्यात अ‍ॅसिड घालून (पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच ओतू नका) केलेल्या पातळ द्रावणात सेल ठेवला, फेस थांबेपर्यंत. खरवडायचं नाही, पट्ट्यांवरचा लेप जातो, आणि सेल हाच सगळ्यात महाग भाग.

पावसाळ्यात कर्जतचा पाऊस पूल ओसंडून वाहवतो. त्याबरोबर मीठ जातं, स्टॅबिलायझर जातो, अल्कलिनिटीही उतरते. जुलैत मशीन मीठ कमी असल्याचा दिवा लावून बसलं. तेव्हा गोणी आणून ओतण्यात अर्थ नाही. पुढच्या सरीत तेही जाणार. आम्ही सप्टेंबर संपेपर्यंत द्रव क्लोरीनवर भागवलं आणि मग मीठ भरलं. वीज गेली की मशीनही बंद, म्हणून द्रव क्लोरीनचा एक कॅन बाराही महिने ठेवतो. उन्हात त्याचा जोर उतरतो, तेव्हा सावलीत ठेवा, थोडंच आणा. आणि अ‍ॅसिडचा कॅन त्याच खोलीत नको. दोन्ही एकत्र सांडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे अ‍ॅसिड पंपाच्या खोलीबाहेर, वेगळ्या कुलूपबंद पेटीत आहे.