पाच नंबरचा फ्लाय संच, आठ महिन्यांनंतर: रॉड चांगला, लाइनने घोळ घातला

लाइनच्या टोकाचा तयार लूप (पुढचा धागा जोडायचा फासा) मुळाशी फाटला, म्हणून हे लिहायला घेतलं. नऊ फुटी, चार तुकड्यांचा ग्राफाइट रॉड, डायकास्ट रीळ आणि आधीच भरलेली तरंगती लाइन, असा हा संच. डब्यावर छापलेलं इथे परत लिहीत नाही. बोलायचंय ते लाइनबद्दल, कारण फ्लाय फिशिंगमध्ये वजन लाइनलाच असतं. फ्लायला, म्हणजे हुकवर बांधलेल्या नकली किड्याला, स्वतःचं वजन जवळपास नसतंच. फेकली जाते ती लाइन, फ्लाय तिच्या मागून जाते. आणि कंपनीने नेमकं लाइनकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलंय.

तक्रारीवर उत्तर आलं की वॉरंटी फक्त रॉडच्या तुकड्यांवर, लाइन ही झिजणारी वस्तू. झिजणारी आहे, मान्य. पण झिजली असती तर अंगभर बारीक चिरा दिसल्या असत्या. इथे बाकी लाइन गुळगुळीत आहे आणि फक्त लूपच्या मुळाशी कोटिंग सुटून आतला गाभा उघडा पडलाय. जोड नीट बसला नव्हता, हे फोटोतही स्पष्ट दिसतं. बिल मागितलं, व्हिडिओ मागितला, शेवटी रॉडसकट सगळा संच स्वखर्चाने कुरियर करा म्हणाले. एका लूपसाठी एवढा भुर्दंड सोसायचं कारण नाही, कारण दुरुस्ती घरी होते.

फाटलेला लूप कापून टाकायचा. २५ पौंडी मोनोचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा नेल नॉटने (नळीच्या आधाराने वेढे घेऊन मारायची गाठ) लाइनला बांधायचा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला परफेक्शन लूप (न सरकणारा फासा) घ्यायचा. नेल नॉटसाठी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा चार सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. आत शाई राहता कामा नये. सहा-सात वेढे घ्यायचे, एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी. आवळण्याआधी थुंकी लावायची आणि हळूहळू ओढायचं. झटका दिला तर मोनो कोटिंग कापत जाते आणि गाठ निसटते. वर फेविक्विकसारखा कडक गोंद नको, तो वाकवताना तडकतो. लवचीक रबरी गोंदाचा पातळ थर पुरे, म्हणजे गाठ रॉडच्या कड्यांतून सरकते.

आता उन्हाचा मुद्दा. ही लाइन थंड पाण्यासाठी बनवलेली आहे: आत विणलेल्या नायलॉनचा मऊ गाभा, बाहेर मऊ पीव्हीसी. ट्राउटचं पाणी बर्फाचं, विसाच्या वर पारा गेला की तो मासाच अडचणीत येतो, त्यामुळे तिकडे मऊ लाइन बरोबरच आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३७-३८ वर जातो. तेवढ्यात हे कोटिंग बोटांना चिकटायला लागतं, कड्यांत घासतं आणि शेवटचे दहा-पंधरा फूट बाहेर जातच नाहीत. त्यातून शेततळ्याच्या काठावर पसरलेला काळा प्लास्टिकचा कागद तव्यासारखा तापतो. ओढून घेतलेली लाइन त्यावर पडली की दहा मिनिटांत ओल्या शेवयांचा गुंता. उपाय साधा: काठावर ओलं गोणपाट टाकायचं, नाहीतर कमरेला उथळ प्लास्टिकची टोपली बांधून लाइन तिच्यात घ्यायची. शेततळ्यावर मालकाची परवानगी लागतेच, पण वजनदार निम्फही (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) टाळा. हुक तळाच्या कागदात रुतला तर भोक पडतं आणि पाणी जिरतं. चिलापीला १२ किंवा १४ नंबरची हलकी निम्फ, हुकचा उलटा काटा पकडीने दाबून, ४एक्स टिपेटवर (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक धागा) सावकाश ओढली की पुरते.

वजनाबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हे कुणी तपासत नाही. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो, टोकाचा सरळ तुकडा सोडून. पाच नंबरला १४० ग्रेन, म्हणजे ९.०७ ग्रॅम. सहा ग्रेन इकडेतिकडे चालतात, म्हणजे ८.६८ ते ९.४६. आपल्या कोल्हापुरात हे तपासणं फार सोपं आहे, गुजरीत ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅमचा काटा असतो. लाइन कापावी लागत नाही. ९.१४ मीटरवर मार्करने खूण करायची, तेवढी वेटोळी पारड्यात ठेवायची आणि उरलेली लाइन पारड्याच्याच उंचीवर वह्यांच्या चळतीवर सैल सोडायची. ओढ बसली की आकडा चुकतो. लाइन कोरडी आणि पुसलेली हवी. या लाइनचं वजन भरलं १०.२ ग्रॅम, म्हणजे १५७ ग्रेन. सहा नंबरची हद्द १५२ पासून सुरू होते. डब्यावर पाच, काट्यावर सहा.

म्हणून हा रॉड लांब फेकीला वाकून उशिरा सावरतो. बऱ्याच जणांनी याला मऊ म्हणून नापास केलंय, माझंही पहिले काही महिने तेच मत होतं. खऱ्या १४० ग्रेनच्या लाइनवर तो साठ फुटांपर्यंत स्वच्छ फेकतो आणि हवेतला लूप, म्हणजे फेकताना लाइनचा पडणारा वळसा, अरुंद राहतो. मधल्या वेगाने सावरणारा, किमतीच्या मानाने चांगलाच रॉड आहे.

इथवर वाचून लाइन टाकाऊ वाटेल. मार्चअखेर हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या पाण्यावर हीच लाइन वापरली आणि मत बरंच बदललं. बर्फाच्या पाण्यात कोटिंग हवं तेवढं घट्ट होतं, चिकटपणा नावाला उरत नाही, आणि गाभा मऊ असल्यामुळे रिळावरची वेटोळी लगेच सरळ होतात. तिथे दगडांमागच्या छोट्या खळग्यांत वीस-पंचवीस फुटांवर फेकायचं असतं, त्यामुळे जास्तीचं वजनही कामाला येतं, थोड्याच लाइनवर रॉड वाकतो. उष्ण पाण्यासाठीची कडक मोनो गाभ्याची लाइन तिकडे नेली तर स्प्रिंगसारखी गुंडाळून पाण्यावर पडते. म्हणजे माल वाईट नाही, चुकीच्या ठिकाणी विकलाय. कोणत्या तापमानाची लाइन आहे एवढं डब्यावर छापायला कंपनीला काहीही खर्च नाही, आणि ते न छापणं मला अजूनही खटकतं. (तीर्थनला मत्स्य विभागाचा परवाना घ्या, हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते.)

रिळाबद्दल थोडक्यात. स्पूल (लाइन गुंडाळायची चक्री) एका बाजूने फ्रेमला घासत होता. उद्यमनगरात लेथवर पितळेचा ०.२ मिलिमीटरचा वॉशर करून घेतला, चहापाण्याच्या खर्चात काम झालं. रिळाच्या पायावरची ओतकामाची धार बारीक कानशीने काढा, नाहीतर ते रॉडच्या सीटमध्ये (रीळ बसवायची जागा) डुगडुगतं. तिथल्याच मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली ३८ गेजची इनॅमल तार निम्फवर गुंडाळायला उत्तम, फ्लाय बांधायच्या विकतच्या तारेपेक्षा कितीतरी स्वस्त. फ्लाय बांधायच्या पिसांसाठी चिकनवाल्याला गावठी कोंबड्याची मान ठेवायला सांगायची, मीठ लावून वाळवायची.

रॉडचे जोड दर तासा-दीड तासाने हाताने चाचपावेत. टोकाकडचा जोड सैल होतो आणि फेकताना तिथेच तुकडा मोडतो. जोडाच्या नर (आत जाणाऱ्या) टोकावर साध्या मेणबत्तीचं मेण हलकं घासलं की पकड धरतो. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर तिथे खाच पडलीय आणि ती लाइन सोलणार.

डास पळवणारं मलम लावलेले हात लाइनला लावू नका, त्यातलं डीट पीव्हीसी विरघळवतं. मशीनचं तेलही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, पूर्ण वाळवणं, मग सिलिकॉनचं ड्रेसिंग. पावसाळ्यात लाइन रिळावरून काढून बादलीच्या घेराची सैल वेटोळी करून सावलीत टांगा. रॉड ओला नळीत बंद केला तर वार्निशखाली फोड येतात आणि कॉर्कला बुरशी धरते.

ज्यांना वर्षातून एकदा हिमाचल किंवा निलगिरी आणि बाकी वेळ इथली तळी असं करायचंय, त्यांनी संच घ्यावा, पण त्याच वेळी दुसरा स्पूल आणि १४० ग्रेनची उष्ण पाण्याची लाइन घ्यावी. स्पूल नंतर सुटा मागितला तर तो सगळ्या रिळाच्या निम्म्या किमतीला पडतो. संचासोबत घासाघीस केली की दुकानदार देतो. लाइन घेताना पावतीवर ग्रेन लिहून घ्या, पहिल्याच आठवड्यात सराफाकडे तोला, आणि फरक निघाला तर लाइन ओली करायच्या आधी परत करा.