लग्नाआधीची सिकल टेस्ट आणि काउन्सेलिंग: मॅडमना पाच स्टार, रिपोर्टला दोन

नागपुरातली प्रायव्हेट लॅब आहे, नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाईटही लिहिलंय. फेब्रुवारीत लग्न ठरलं आणि मला कॉलेजच्या कॅम्पपासून माहीत होतं की माझी सिकलची (म्हणजे सिकलसेल, लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार) साधी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय हे तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही, घाबरून कागद कपाटात टाकून दिला. विदर्भात राहून सिकल हा शब्द ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही, तरी घरात कोणी त्यावर बोलत नाही. म्हणून होणाऱ्या बायकोला घेऊन दोघांची एचपीएलसी, म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती टक्के आहे ते मोजणारी मशीनवरची तपासणी, करायला गेलो. एकाचे साडेसातशे, काउन्सेलिंगचे वेगळे पाचशे.

आधी वाईट सांगून टाकतो. रिपोर्ट दोन दिवसांत देतो म्हणाले, चार लागले. रिसेप्शनवरचा मुलगा भर हॉलमध्ये "सिकलवाले कोण आहे हो" म्हणून ओरडला, पंधरा जण वळून बघायला लागले. अरे बाबा नावाने हाक मार ना. आणि रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, हिमोग्लोबिन एस ३७.४ टक्के आणि खाली एक ओळ, हेटेरोझायगस फॉर एचबीएस (एचबीएस म्हणजे तेच हिमोग्लोबिन एस). बस. माझ्या मावसभावाने ते हेटेरो वाचून जो काय अर्थ काढला तो इथे लिहिण्यासारखा नाही. ज्या माणसासाठी रिपोर्ट आहे त्याला तो वाचता आला पाहिजे, दोन ओळी मराठीत टाकायला शाई संपते का?

आता चांगलं, आणि हे खरंच चांगलं होतं. काउन्सेलर मॅडमनी कॉम्प्युटर उघडला नाही, ड्रॉवरमधून स्टीलच्या दोन वाट्या आणि शर्टाची बटणं काढली. माझ्या वाटीत एक पांढरं एक लाल, तिच्या वाटीत दोन्ही पांढरी. म्हणाल्या, प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनचा हा जीन अकराव्या क्रोमोसोमवर असतो, त्याचं नेहमीचं रूप म्हणजे ए आणि एका अक्षराच्या चुकीने झालेलं दुसरं रूप म्हणजे एस. पांढरं बटण ए, लाल बटण एस. एकाच जीनची ही जी वेगवेगळी रूपं, त्यांना अलील म्हणायचं. मी बारावीला सायन्सला होतो बरं का, अलीलची व्याख्या पाठ करून मार्क घेतले होते, पण ती वस्तू काय असते हे वाटीतलं बटण बघून कळलं.

जोडी सारखी, म्हणजे एए किंवा एसएस, तर होमोझायगस. जोडी वेगळी, माझ्यासारखी एएस, तर हेटेरोझायगस. झालं, एवढंच आहे ते. आपल्याकडे लोक एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न म्हणतात ते हेच, एसएसवाला पेशंट असतो, आणि एएसवाला नुसता वाहक, म्हणजे एस पुढे मुलांना देऊ शकणारा, पेशंट नाही.

मग हिने विचारलं की ए डॉमिनंट म्हणजे तो एसला दाबून टाकतो का. मला वाटलं हो म्हणतील. मॅडम म्हणाल्या, दाबत बिबत कोणी नाही, दोन्ही प्रती आपापलं काम करतच असतात, म्हणून तर मशीनला ह्यांच्या रक्तात ३७ टक्के एस दिसला. पण ए असलेलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असल्यामुळे रोजच्या जगण्यात लाल पेशी वाकड्या होत नाहीत, आजार दिसत नाही. म्हणजे आजाराच्या हिशोबाने एस रिसेसिव्ह (एकटी प्रत असली तर आजार दिसत नाही), पण मशीनच्या हिशोबाने दोन्ही हजर. आत काय जोडी आहे ते जिनोटाइप, बाहेर काय दिसतं ते फिनोटाइप. मी आणि माझा मोठा भाऊ, बाहेरून दोघंही ठणठणीत, पण तो एए निघाला आणि मी एएस, तेच आईबाप.

नंतर खेळ. न बघता प्रत्येक वाटीतून एकेक बटण काढायचं, ते झालं एक मूल, बटण परत टाकायचं. आमचं गणित अर्धं अर्धं, मुलं एए किंवा एएस, एसएस होणारच नाही. पण दहा वेळा काढलं तर सातदा लाल आलं! मग त्यांनी मुद्दाम दोन्ही वाट्यांत लाल-पांढरं ठेवलं, म्हणजे दोघंही वाहक असते तर, आणि हिने सलग दोनदा लाल-लाल काढलं. हिचा चेहराच उतरला. दोघंही वाहक असले की मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, पण २५ टक्के म्हणजे चार मुलांत एक असं नसतं, दर खेपेला नव्याने चारात एक, वाटीला काय आठवतं मागच्या वेळी काय निघालं होतं. आमच्या ओळखीत एकांनी पहिलं मूल एसएस झाल्यावर "आता पुढचे तीन चांगलेच" असं धरलं होतं, त्यांना कोणी ह्या वाट्या दाखवायला पाहिजे होत्या.

अजून एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. नुसती सिकलची साधी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून जोडीदार सेफ असं नाही. बीटा थॅलेसेमिया हे त्याच जीनचं वेगळं बिघडलेलं रूप आहे, एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून ते आलं तरी मूल आजारी होऊ शकतं, आणि साध्या टेस्टमध्ये ते दिसत नाही. त्यासाठी एचपीएलसीत ए२ नावाचं हिमोग्लोबिन किती टक्के आहे ते बघतात, साधारण साडेतीनच्या वर असलं की शंका. हिचं २.६ आलं तेव्हा माझा श्वास सुटला. मॅडमनी आधी रक्त चढवलं होतं का, लोहाची कमी आहे का हे पण विचारलं, कारण त्याने आकडे फसवतात.

घरी आल्यावर आई म्हणे आमच्याकडून नाहीच आलं. बाबांची टेस्ट केली, ते एएस. साठ वर्षं शेतात राबले, कधी काही झालं नाही. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून जंगलपट्ट्यात हा एस टिकून राहिला हे सांगितल्यावर बाबा एकदम खूश, आता येईल त्या पाहुण्याला सांगून राहिले.

पैसे वाचवायचे असतील तर सरकारी दवाखान्यात सिकल तपासणी फुकट होते, २०२३ पासून केंद्राचं मिशन पण सुरू आहे, पण ए२ चा आकडा मिळतो का ते तिथे आधी विचारून घ्या. ह्या लॅबमध्ये गेलात तर काउन्सेलिंगची वेळ फोनवर आधीच ठरवा, मॅडम फक्त मंगळवार-शुक्रवार असतात, आणि गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर लावली की उचलून नेतात.