लेबर की ग्रीन: दोन मतं कुठे द्यायची

२०२६ च्या नोव्हेंबरात इथे न्यूझीलंडमध्ये निवडणूक आहे आणि आपल्यातली बरीच मंडळी पहिल्यांदाच मत देणार आहेत. ज्यांचं सत्तेतल्या, उजवीकडे झुकणाऱ्या नॅशनल पक्षाकडे जायचं नाही हे पक्कं आहे त्यांचा घोळ एकच, डावीकडचे दोन पक्ष, त्यातला मोठा लेबर की छोटा ग्रीन? मी यातून गेलोय म्हणून लिहितोय. नागरिकत्व लागत नाही, रेसिडेंट व्हिसा आणि इथे सलग वर्षभर राहिलेलं असलं की झालं, हे बहुतेकांना माहीत असतं पण नाव नोंदवायचं तेवढं राहून जातं, तर ते आधी उरका. आणि मतदारसंघांच्या सीमा बदलल्यात, तेव्हा आपलं घर आता कुठल्या मतदारसंघात येतं ते पण बघून घ्या.

मतं दोन, एक पक्षाला आणि एक स्थानिक उमेदवाराला. संसदेत कोणाच्या किती जागा हे मुख्यतः पक्षाच्या मतावर ठरतं, त्यामुळे उमेदवाराचं मत कुठेही टाका, काय फरक पडतो असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. २०२३ ला माउंट अल्बर्टमध्ये, म्हणजे जी हेलन क्लार्क आणि जसिंडा आर्डर्न या लेबरच्या माजी पंतप्रधानांची जागा, तिथे लेबरच्या हेलन व्हाइट फेरमोजणीनंतर फक्त १८ मतांनी निवडून आल्या, दुसऱ्या नंबरला नॅशनल. ग्रीनचे रिकार्डो मेनेंदेझ मार्च तिथे तिसरे आले पण पक्षाच्या मतांवर मिळालेल्या जागा ज्या यादीतून भरतात त्या यादीतून संसदेत गेलेच. म्हणजे ग्रीनवाल्यांनी तिथे उमेदवाराचं मत लेबरला दिलं असतं तरी ग्रीनची एकही जागा कमी झाली नसती. शेजारच्या ऑकलंड सेंट्रलमध्ये याच्या बरोबर उलट, तिथे ग्रीनच्या क्लोई स्वॉरब्रिक २०२० ला लेबरला हरवून आल्या आणि २०२३ ला त्यांची लढत नॅशनलच्या महेश मुरलीधर यांच्याशी होती, लेबर तिसरं. तिथे लेबरच्या उमेदवाराला मत देऊन काही हाती लागत नव्हतं. तेव्हा आपल्या भागात नॅशनलच्या समोर खरं कोण उभं आहे ते बघायचं आणि उमेदवाराचं मत त्याला द्यायचं, मग तो लाल लेबरचा असो की हिरवा ग्रीनचा. यात भावनेचं काही नाही.

खरा प्रश्न पक्षाच्या मताचा.

लेबरची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मी नाकारणार नाही. सरकार चालवायचा अनुभव त्यांच्याकडे आहे, शिवाय २०२१ चा, कामाच्या व्हिसावरच्या लोकांना एकदाच दिलेला रेसिडेंट व्हिसा त्यांनीच आणला, माझी स्वतःची रेसिडेन्सी त्यातलीच, आणि माझ्या ओळखीतली निम्मी घरं त्याच्यामुळे इथे टिकलीत. कारण न देता भाडेकरूला बाहेर काढायची पद्धत त्यांनी बंद केली होती, आत्ताच्या सरकारनं ती परत आणली. डॉक्टरच्या वर्षातून तीन भेटी फुकट आणि त्यासाठी गुंतवणुकीची प्रॉपर्टी विकून होणाऱ्या नफ्यावर २८ टक्के कर, राहतं घर आणि शेती सोडून, असं त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलंय. समजायला सोपं आहे आणि होण्यासारखं आहे. ग्रीन याच्या दोन पावलं पुढे जातात, डॉक्टर फुकट, दातांचे उपचार सगळ्यांना फुकट, भाडेवाढीला मर्यादा आणि माणशी २० लाख डॉलरच्या वरच्या संपत्तीवर दरवर्षी अडीच टक्के कर. इथे एका रूट कॅनलच्या बिलात पुण्याचं जाऊन-येऊन तिकीट निघतं, त्यामुळे दातांचं ऐकून बरं वाटतंच, पण हे सगळं एका टर्ममध्ये होईल असं मला वाटत नाही. लेबरचे नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान क्रिस हिपकिन्स यांनी २०२३ ला संपत्ती करही नको आणि नफ्यावरचा करही नको असं निवडणुकीच्या आधीच सांगून टाकलं होतं, आता ते स्वतःच नफ्यावरच्या करापर्यंत आलेत. मागून कोणीतरी ढकलत असलं की लेबर हलतं, एवढं मला त्यातून दिसतं.

पण माझं मत करानं ठरलं नाही, दातांनीही नाही. ते व्हिसावरच्या एका ओळीनं ठरलं.

रेसिडेन्सीच्या आधी मी इसेन्शियल स्किल्स या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर होतो. त्याच्या पीडीएफमध्ये खाली अटी असायच्या: कामाचं नाव, मालकाचं नाव, गाव. एवढंच काम, याच मालकाकडे, याच गावात. नोकरी बदलायची तर इमिग्रेशनकडे परत अर्ज, परत फी आणि परत ते थांबणं. माझा मालक आपलाच, म्हणजे भारतातलाच. शनिवारी बोलावणार, जास्तीच्या तासांचे पैसे नाहीत आणि कुणी तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं, 'व्हिसावर नाव कुणाचं आहे?' बायकोचा व्हिसा माझ्या व्हिसावर आणि मुलीची शाळा पण त्याच्यावरच, मग माणूस गप्प बसतो. माझ्याबरोबर काम करणारा पंजाबी मुलगा हाताला भाजलेलं असताना दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज घालून आला, कारण सुट्टी मागायची त्याची हिंमत नव्हती. कायद्यानं आजारपणाची रजा त्याची होती, किमान वेतन पण होतं, सगळं कागदावर होतं, फक्त ती एक ओळ असल्यामुळे कायदा वापरता येत नव्हता.

२०२० ला लेबरला स्वतःच्या जिवावर बहुमत होतं, १२० मधल्या ६५ जागा. ही दोन मतांची पद्धत आल्यापासून एका पक्षाला असं बहुमत पहिल्यांदाच मिळालं होतं. ती ओळ खोडायची तर कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यांनी २०२२ च्या जुलैमध्ये नवीन अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर व्हिसा आणला, मालकांना सरकारी मान्यता घ्यायला लावली आणि व्हिसावर मालकाचं नाव तसंच ठेवलं. वर्षभरात त्याच व्हिसावर लाखो रुपये मोजून आलेली माणसं ऑकलंडमध्ये एकेका घरात कोंबलेली सापडली, काम नाही, पगार नाही, त्यात आपल्या देशातले किती तरी होते. छळ होत असेल तर मालक सोडता यावा म्हणून २०२१ मध्ये लेबरनं वेगळा व्हिसा काढला होता हे खरं, त्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं, पण त्यासाठी आधी तक्रार करायची, ती तपासून पत्र मिळायचं आणि मग सहा महिन्यांत नवीन मालक शोधायचा. घाबरलेला माणूस तक्रारीच्या पहिल्या पायरीवरच थांबतो, मी थांबलो होतो.

ग्रीननं तेव्हाही सरळ सांगितलं होतं की व्हिसा मालकाला बांधलेला नको. लेबरशी सहकार्याचा करार असतानासुद्धा ते हे बोलत राहिले, आणि त्यांच्याकडे हा विषय बघणारे मेनेंदेझ मार्च स्वतः मेक्सिकोहून आलेले. आमच्या भागातल्या उमेदवारांच्या सभेत मी हाच प्रश्न विचारला होता. लेबरकडून चांगलं, सभ्य उत्तर आलं, आढावा घेऊ, उद्योगांशी बोलू, समतोल ठेवावा लागतो. ग्रीनकडून आलं, 'हो, ती अट काढणार.' आमच्यासारख्यांना आढाव्यात पुढची तीन वर्षं काढावी लागतात.

ग्रीन धुतल्या तांदळासारखे आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याच एका खासदाराच्या नवऱ्याच्या धंद्यात बाहेरून आलेल्या कामगारांच्या शोषणाचे आरोप झाले, आणि ज्या विषयावर मी त्यांना मत दिलं नेमक्या त्याच विषयावर हे झाल्यामुळे मला फार लागलं. पण पक्षानं बाहेरच्या वकिलाकडून चौकशी करवली आणि २०२४ मध्ये त्या खासदाराला संसदेतून जावं लागलं. ज्यांना घराचा हप्ता आहे, धंदा आहे, सगळं एकदम बदलायला नको वाटतं त्यांनी पक्षाचं मत लेबरला दिलं तर मला ते पूर्ण समजतं. आईबाबांना आणायचं हा ज्यांचा मुख्य मुद्दा आहे त्यांनीही लेबरचं नीट वाचावं, गेल्या वेळी त्यांनी पालकांसाठी दहा वर्षांच्या व्हिसाचं वचन दिलं होतं.

राहिला 'ग्रीनला दिलेलं मत वाया जातं' हा मुद्दा, जो ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम रोडवरच्या प्रत्येक दुकानात ऐकू येतो. पक्षाची मतं देशभरात पाच टक्क्यांच्या खाली गेली आणि पक्षानं एकही मतदारसंघ जिंकला नाही तरच ते वाया जातं. २०२३ ला ग्रीनला साडेअकरा टक्क्यांच्या वर मतं होती, पंधरा जागा होत्या आणि तीन मतदारसंघही. लेबर तेव्हा सत्तावीस टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे लेबरचं सरकार यायचं असेल तर ते ग्रीनला घेऊनच येणार. मग सरकार बनवायच्या बोलणीला बसताना ग्रीनकडे आठ जागा आहेत की सोळा यावर ती व्हिसाची ओळ राहते की जाते हे ठरेल असं मला वाटतं. म्हणून माझं पक्षाचं मत या वेळीही तिकडेच, आणि उमेदवाराचं मत, आमच्याकडे लढत लेबर-नॅशनलचीच राहिली तर, लेबरला.