गच्चीला पांढरा कूल कोट मारून उन्हाळा-पावसाळा काढला, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगते मग सविस्तर. स्लॅबला ऊन परतवणारा पांढरा कोट मारला तर फरक पडतो, नक्की पडतो, पण तो दुपारपेक्षा रात्री जास्त कळतो, आणि ज्यांच्या गच्चीवर पाणी साठतं त्यांनी आधी ढाळ करून घेतल्याशिवाय डबा विकत आणूच नये. मार्चच्या सुरुवातीला काम केलं, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे कडक ऊन, वळीव, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट सगळं बघून मगच लिहायला बसलेय.

आमचं घर सांगलीत गावभागात. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत घरात आलं, त्यानंतर आम्ही संसार वरच्या मजल्यावर हलवला, खाली फक्त सायकली, रिकामे डबे आणि पाण्यात गेलं तरी चालेल असं सामान. नदीकाठच्या कितीतरी घरांनी हेच केलंय. पुराची भीती कमी झाली पण वरच्या खोल्या थेट स्लॅबखाली, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये तिथं जीव नकोसा व्हायचा. सासऱ्यांना बीपी आहे, मागच्या उन्हाळ्यात त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती, उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्याकडं बघून ठरवलं की यंदा काहीतरी करायचंच.

स्लॅब कसा तापतो हे आधी समजून घ्या म्हणजे पैसे कुठं घालायचे ते कळतं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती धग खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून दुपारी दोनला जेवढं होत नाही तेवढं रात्री आठ-नऊला उकडतं, बाहेर नदीवरून वारं सुटलेलं असतं आणि आत छत तव्यासारखं. वर पंखा लावला की तो छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो.

एसीचा विचार केला होता, पण दोन खोल्यांना दोन घ्यायचे तर खर्च, महिन्याचं बिल, आणि लाईट गेली की सगळं बंद. गच्चीवर पत्र्याचं शेड मारा असं बरेच जण म्हणाले, सावली होते हे खरंय, पण वळवाच्या वादळात पत्रं उडाल्याचं आमच्या गल्लीतच बघितलंय आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात ती धास्ती नको वाटली. चुना मारणं सगळ्यात स्वस्त आणि उन्हाळ्यापुरता उपयोगी पण आहे, ज्यांचं बजेट नाही त्यांनी तो तरी नक्की मारावा, फक्त पावसात धुऊन जातो आणि गळती काही थांबवत नाही. आमच्या छताला पंख्याच्या हुकाजवळ ओल यायची, त्यामुळं दोन्ही कामं एकात होतील असं काहीतरी हवं होतं. मावसभाऊ हैदराबादला असतो, तेलंगणा सरकारनं 2023 ला कूल रूफची पॉलिसीच काढली, तेव्हापासून तिकडं याची चर्चा जास्त, त्याच्याकडून पहिल्यांदा नीट माहिती मिळाली.

डबा घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे एसआरआय आकडा, म्हणजे पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि किती कमी तापतो त्याचं माप, यात काळ्या पृष्ठभागाला 0 आणि पांढऱ्याला 100 धरतात, चांगल्या कोटचा 100 च्या वर असतो. दुसरं म्हणजे तो इलास्टोमेरिक आहे का, म्हणजे स्लॅब उन्हात फुगतो रात्री आकसतो त्याच्याबरोबर ताणला जातो का, नाहीतर बारीक तडे परत उघडतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असे कोट बऱ्याच जणांचे येतात आणि माझ्या मते यश कंपनीवर कमी आणि खालच्या तयारीवर जास्त आहे.

तयारीबद्दल आमच्या मिस्त्रींचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी डबा दाखवला तर म्हणाले, "ताई, रंगाचं नंतर बघू, आधी पाणी कुठं थांबतंय ते दाखवा." बादल्या ओतून बघितलं तर पश्चिमेच्या कोपऱ्यात चांगलं डबकं. मी विचारलं, "मामा, कोट वॉटरप्रूफ आहे ना, मग काय होतंय?" तर म्हणाले, "पाणी वाहून गेलं तर वॉटरप्रूफ, बसून राहिलं तर कुठलाबी कोट उठतोय." आणि हे खरं आहे, असे ॲक्रिलिक कोट सतत साठलेल्या पाण्याखाली टिकत नाहीत. मग त्या कोपऱ्यात ढाळ करून घेतला, कठड्याच्या कडेनं सिमेंटचा गोल वाटा काढला, म्हणजे कठडा आणि स्लॅबमधला कोपरा गोलसर भरून घेतला, जुना पोपडा वायर ब्रशनं घासला, तडे भरून मोठ्या तड्यांवर फायबरची जाळी बसवली आणि सगळं सुकेपर्यंत थांबलो. या सगळ्यात मटेरियलपेक्षा मजुरी जास्त गेली, पण एका रुपयाचं वाईट वाटत नाही. कोट सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच मारला, भर उन्हात स्लॅब गरम असला की रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि फोड येतात. पहिला हात पातळ करून, मग दोन जाड हात, एक उभा एक आडवा.

आता उन्हाळ्याचं. एप्रिलच्या शेवटी बाहेर चाळिशी गाठलेली असताना खोलीतला थर्मामीटर रात्री दहाला मागच्या वर्षी 36 च्या आसपास असायचा, यंदा 33 दाखवत होता. आकडा छोटा वाटेल पण 36 मध्ये माणूस झोपत नाही आणि 33 मध्ये पंख्याखाली झोपतो, सासरे झोपायला लागले हीच माझी पावती. छताला हात लावला की चटका बसत नाही. दुपारी मात्र फार मोठी जादू अपेक्षित धरू नका, खिडकीतून येणारी झळ आणि पश्चिमेची तापलेली भिंत याला गच्चीचा कोट काय करणार. तिथं आम्ही बाहेरून हिरवी शेडनेट बांधली, तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडला लावतात तसलीच, स्वस्त पडते आणि झळ बरीच अडते.

सगळ्यात छान गोष्ट म्हणजे संध्याकाळची गच्ची. पूर्वी सूर्य मावळला तरी तास-दोन तास अनवाणी पाय टेकवत नव्हता, आता सातलाच चटई टाकून बसता येतं, मे महिन्यात जेवणंसुद्धा वरच व्हायची.

पण वाळवणाचं कुणी सांगत नाही ते मी सांगते. कुरडया आणि सांडगे पूर्वी तापलेल्या गच्चीवर खालून-वरून सुकायचे, आता खालची धगच गेली त्यामुळं वेळ जास्त लागतो, सासूबाई पहिल्या दिवशी संध्याकाळी कुरडया हातात घेऊन म्हणाल्या, "अगं ह्या अजून ओल्याच लागतायत की." मग लोखंडी कॉटवर प्लास्टिक टाकून वाळत घातल्या, खालून वारं लागलं आणि काम झालं. वर्षाच्या चटणीची ब्याडगी मिरची मात्र थेट कोटवर पसरू नका, डाग पडतो आणि जात नाही, जुनी चादर अंथरा. दुपारी वर जायचं असलं तर डोळे दिपतात हे पण लक्षात ठेवा, शेजारच्या काकूंच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत चकाकी जाते म्हणाल्या, त्यांना आम्ही स्वतःहून पडदा शिवून दिला, शेजार महत्त्वाचा.

काळी टाकी हा वेगळा ताप. दुपारी नळाला हात लावायची सोय नसायची, भांडी घासणाऱ्या मावशी कळवळायच्या. टाकीला पण हाच कोट मारावा असं वाटेल, पण त्या प्लास्टिकवर तो नीट धरत नाही, थोड्या दिवसांनी सोलून निघतो असं मिस्त्रींनीच सांगितलं. आम्ही मार्केट यार्डातून हळदीची जुनी पोती आणली, टाकीभोवती गुंडाळून वरून शेडनेट बांधली. पाणी कोमट येतं, भाजत नाही.

कोटबरोबरच दोन्ही खोल्यांचे जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावले. जुना साधारण 75 वॉट खायचा, हे 28 ते 35 वॉटवर चालतात. पंख्यांना 1 जानेवारी 2023 पासून स्टार रेटिंग सक्तीचं आहे, तेव्हा लेबल बघूनच घ्या. यंदा मेमध्ये वळवाआधी ढग भरून आले की लाईट जायची, कधी संध्याकाळभर नाही, अशा वेळी इन्व्हर्टरवर दोन्ही पंखे निवांत चालले, पूर्वी बॅटरी निम्म्यातच मान टाकायची. इन्व्हर्टर असणाऱ्यांनी उन्हाळ्यात बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर जास्त वेळा तपासा, उष्णतेनं लवकर उतरतं. कूलरबद्दल एवढंच, एप्रिलच्या कोरड्या हवेत खिडकी उघडी ठेवून मस्त चालतो, वळीव पडून हवा दमट झाली की चिकचिक होते, तेव्हा नुसता पंखा बरा.

धूळ हा या कोटचा खरा शत्रू. पांढरा रंग मळला की ऊन परतवायची ताकद कमी होते, आणि मेपर्यंत गच्ची करडी झाली होती. मऊ झाडू आणि पाण्यानं धुतली, खराटा किंवा तारेचा ब्रश चालत नाही. पाणी जपून वापरावं लागत असताना गच्ची धुवायची म्हणजे मनाला पटत नाही, म्हणून कपडे विसळलेलं शेवटचं पाणी वापरलं. नंतर वळवानं उरलेलं काम केलं.

पावसाळ्यात गळतीचा निकाल लागला. पंख्याच्या हुकाजवळची ओल गेली, छताला पापुद्रे नाहीत, किचनचा कोपरा कोरडा. एकच जागा दगावली, पावसाचं पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी कोटला फुगा आला आणि तिथून सोलायला लागला, तिथं शेवाळ पण धरतं. मिस्त्री येऊन बघून गेले, तेवढा भाग खरवडून जाळी लावून परत करायचा म्हणाले, पैसे फक्त मटेरियलचे घेणार. पाऊस चालू असताना ते काम होत नाही म्हणून तेव्हा थांबलो. तुम्ही करून घेणार असाल तर पाइपाच्या तोंडाला पहिल्यापासूनच जाळीचा जादा थर द्यायला सांगा.

थंडीत घर जास्त गार पडतं का असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. पहाटे थोडं जाणवतंय खरं, पण आपल्याकडची थंडी किती दिवसांची, एक गोधडी जास्त घेतली की भागतं.

पाच वर्षं टिकतो असं डब्यावर लिहिलंय, ते पुढं कळेलच, पण एवढ्या महिन्यांवर मला विचाराल तर परत करीन का, हो, करीन. आता जानेवारीतच मिस्त्रींना बोलावलंय, कारण मार्च लागला की त्यांना सगळीकडून बोलावणी येतात आणि मग हात लागत नाहीत. पाइपाचा कोपरा आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हाच कोट एकदमच करून घेणार आहे, भिंतीचा काय फरक पडतो ते पुढच्या मेमध्ये लिहीन.