चार बाटल्यांचं ग्राम स्टेन किट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

फोंड्यातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये पूर्वी ग्राम स्टेन, म्हणजे जंतूंना जांभळे (ग्राम पॉझिटिव्ह) आणि गुलाबी (ग्राम निगेटिव्ह) अशा दोन गटांत वेगळे करणारे रंग, आम्हीच बनवायचो. होळीच्या सुमारास तयार किट आणलं: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अ‍ॅसिटोन-अल्कोहोल, सॅफ्रॅनिन. आता दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून लिहिते.

रंग उत्तम. पसमधले स्टॅफिलोकोकस गडद जांभळे, ई. कोलाय स्वच्छ गुलाबी. आमच्या हातच्या क्रिस्टल व्हायोलेटमध्ये स्फटिक धरायचे आणि मायक्रोस्कोपच्या १००एक्स ऑइल इमर्शन भिंगाखाली ते थेट कोकायसारखे (गोल जंतूंसारखे) दिसायचे, म्हणून सारखं गाळावं लागे. तो त्रास जवळजवळ संपला.

किटची खरी परीक्षा मात्र तिसऱ्या, म्हणजे रंग काढणाऱ्या अ‍ॅसिटोन-अल्कोहोलच्या बाटलीत. ग्राम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) भिंत २० ते ८० नॅनोमीटर जाड असते. अल्कोहोलने ती आक्रसते आणि क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीनचं संयुग आत अडकून राहतं. ग्राम निगेटिव्हमध्ये हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. वरचं लिपिडयुक्त आवरण विरघळलं की जांभळा रंग धुऊन जातो आणि गुलाबी सॅफ्रॅनिन बसतं. हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून निकाल रंग काढण्याच्या काही सेकंदांवरच अवलंबून आहे. अ‍ॅसिटोनमुळे हे द्रावण नुसत्या अल्कोहोलपेक्षा झपाट्याने रंग काढतं. पातळ स्मिअरला (काचेवर पसरलेल्या नमुन्याला) दोन-तीन सेकंद पुरतात, जाड पसला जास्त लागतात. माहितीपत्रकात हे ठळक छापायला हवं होतं.

पावसाळ्यात याच बाटलीने डोकं खाल्लं. झाकण सारखं उघडलं की अ‍ॅसिटोन उडतं, अल्कोहोल हवेतली ओल ओढतं, मग रंग नीट निघत नाही आणि ग्राम निगेटिव्हही जांभळे राहतात. जुलैत कंट्रोल (माहीत असलेल्या जंतूंच्या) स्लाइडवरचं ई. कोलाय जांभळट दिसलं, तेव्हाच ते ध्यानात आलं. उपाय सोपा: थोडंसं ड्रॉपरच्या बाटलीत काढायचं, मोठी बाटली घट्ट बंद. एका स्लाइडवर स्टॅफ ऑरियस आणि ई. कोलाय शेजारी शेजारी, हा कंट्रोल रोज लावल्याशिवाय मी एकही रिपोर्ट सोडत नाही.

स्मिअरही जूनपासून लवकर वाळत नाही. ओला असताना ज्योतीवर धरला तर पेशींचा आकार बिघडतो, म्हणून पूर्ण वाळू द्यायचा आणि मिथेनॉलने फिक्स करायचा (काचेला पक्का बसवायचा). पसमध्ये फरक चटकन दिसतो: पांढऱ्या पेशी शाबूत राहतात, स्मिअर धुऊन जात नाही. कल्चरवरून (लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंवरून) करत असाल तर चोवीस तासांच्या आतली वाढ घ्या. जुन्या वाढीतले ग्राम पॉझिटिव्ह गुलाबी दिसू लागतात, त्यात किटचा दोष नाही.

आयोडीन अंधारातच ठेवा. फिकट झालं की टाकून द्या.

टीबीच्या थुंकीसाठी हे किट नाही. त्या जंतूची मायकोलिक अ‍ॅसिडची मेणचट भिंत हा रंग नीट घेत नाही, तिथे झील-नील्सन ही वेगळी रंगपद्धतच.

एक उणीव आहे. हिमोफिलससारखे बारीक जीव सॅफ्रॅनिनने फारच फिके दिसतात. पुढच्या खेपेला हेच किट घेईन, पण सोबत बेसिक फ्युक्सिन या जास्त गडद रंगाची वेगळी बाटली मागवणार.